गाडीतला आवाज जात नाहीये? पार्ट बदलण्याआधी तो कशाबरोबर बदलतो ते बघा

लिंक रॉड बदलली, शॉकअप बदलले, अलाइनमेंट दोनदा झालं, तरी आवाज आहे तिथेच. असं झालं की बहुतेक वेळा चूक शोधण्याच्या पद्धतीत असते. 'पुढून डावीकडून खटखट येतेय' एवढंच गॅरेजमध्ये सांगितलं, तर त्या बाजूचं जे सगळ्यात जास्त वेळा खराब होतं ते बदललं जातं. पण आवाज गाडीच्या पत्र्यातून लांबवर प्रवास करतो. मागच्या चाकाच्या बेअरिंगची घुरघुर ड्रायव्हरला पायाखालून आल्यासारखी वाटते, आणि डिकीतला सैल जॅक मागचा शॉकअप गेल्यासारखा वाजतो. म्हणून जागा ठरवायची घाई करू नका. आवाज कशाने सुरू होतो, कशाने थांबतो आणि कशाबरोबर वाढतो हे आधी लिहून काढा. तेवढ्यानेच निम्मी गाडी संशयातून बाहेर पडते.

खालचं सगळं आपल्याकडच्या नेहमीच्या हॅचबॅक आणि छोट्या सेडानसाठी आहे. म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा).

आधी गाडी रिकामी करा

हे कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात, आणि इथेच बरेच आवाज सुटतात. डिकी पूर्ण मोकळी करा. स्टेपनी मधल्या बोल्टने घट्ट बसलीय का बघा. जॅक त्याच्या खाचेत ठेवून स्क्रू फिरवून थोडा ताणून बसवायचा असतो. नुसता ठेवला तर प्रत्येक खड्ड्यात वाजणारच. मागच्या सीटबेल्टची बकलं, पार्सल ट्रे, दाराच्या कप्प्यातली सुट्टी नाणी, ग्लोव्ह बॉक्समधली चष्म्याची डबी, सैल नंबरप्लेट हे सगळं तपासा. नंबरप्लेटवर मुठीने हलकं ठोकलं की लगेच कळतं.

सीएनजी गाडी असेल तर सिलिंडरचे पट्टे आणि स्टँडचे बोल्ट बघा. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी करावी लागते, त्यासाठी तो उतरवून परत बसवतात. त्यानंतर लगेच मागून धडधड सुरू झाली असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. पट्ट्याखालचं रबर जागेवर नसेल तर पत्र्यावर पत्रा वाजतो. गॅसची पाइप आणि व्हॉल्व्ह यांना मात्र स्वतः हात लावू नका, ते काम अधिकृत फिटरचं.

रस्त्यावरची चाचणी

दोघं जण लागतात. एक चालवणार, दुसरा ऐकणार आणि लिहिणार. रस्ता सरळ आणि मोकळा हवा. एसी, पंखा, गाणी बंद. टायरमध्ये दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेली हवा आधी भरून घ्या, आणि ती गार टायरमध्ये मोजा. कमी हवेच्या टायरवर केलेली चाचणी फुकट जाते.

आवाज ज्या वेगाला स्पष्ट येतो तो वेग पकडा, समजा ६०. आता क्लच दाबून गाडी न्यूट्रलला टाका आणि नुसती वाहू द्या. इंजिन बंद करू नका. पॉवर स्टीअरिंग जड होईल आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर साथ सोडेल. इंजिनाचे फेरे खाली आले तरी आवाज तसाच राहिला आणि गाडीचा वेग उतरेल तसा उतरत गेला, तर तो चाकांच्या बाजूचा आहे: टायर, बेअरिंग, ब्रेक, एक्सल. फेऱ्यांबरोबर आवाज पडला तर इंजिन, बेल्ट, सायलेन्सर किंवा माउंटिंग (इंजिन धरणारे रबराचे आधार). मग खात्रीसाठी गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये तेवढेच फेरे करा. उभ्या गाडीत तोच आवाज आला तर चाकं आणि सस्पेन्शन यादीतून गेली. वाहताना आवाज गेला, पण उभ्या गाडीत फेरे वाढवूनही आला नाही, तर तो ताकद लागतानाच येतोय. मग गिअरबॉक्स, आतला सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या एक्सलच्या टोकाचा सांधा) आणि माउंटिंग बघा.

ठराविक अंतराने येणारा टकटक आवाज असेल तर मोजा. १६५/८० आर १४ किंवा १८५/६५ आर १५ या मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. १० च्या वेगाला चाक ७ सेकंदांत जवळजवळ १० वेळा फिरतं. ७ सेकंदांत १० टकटक आले तर काहीतरी चाकाबरोबर फिरतंय: टायरमध्ये रुतलेला खडा किंवा खिळा, सैल व्हीलकव्हर, डिस्कला घासणारी कडा. त्यापेक्षा खूप जलद वाजत असेल तर चाकाचा संबंध नाही.

बाजू ठरवायला एक सोपी युक्ती आहे. लांब कंपाउंड वॉल किंवा दुभाजकाच्या भिंतीच्या कडेने २०-३० च्या वेगाने काच उघडी ठेवून जा, मग उलट दिशेने परत या. भिंतीवरून परतणारा आवाज भिंतीकडच्या चाकांचा अंदाज देतो. मागचं ऐकायचं असेल तर मागची सीट पाडून ऐकणाऱ्याला मागे बसवा.

४०च्या पुढे घूं घूं: टायर की बेअरिंग?

सगळ्यात जास्त पैसे याच आवाजावर वाया जातात, कारण दोन्ही आवाज कानाला जवळजवळ सारखे लागतात.

पहिला फरक रस्त्यावर दिसतो. डांबरावरून काँक्रीटवर गाडी आली की टायरचा आवाज पट्टी बदलतो. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे एक्सप्रेसवेवर आणि जुन्या हायवेवर लागोपाठ जाऊन तपासता येतं. विदर्भ-मराठवाड्यात समृद्धी महामार्ग आणि शेजारचा कुठलाही डांबरी रस्ता चालेल. गुळगुळीत नव्या डांबरावर आवाज जवळजवळ नाहीसा झाला तर बेअरिंगच्या नादी लागू नका. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नसतं, ते सगळीकडे सारखंच घुमतं.

टायरच असेल तर हाताला कळतं. तळवा ट्रेडवरून, म्हणजे टायरच्या नक्षीवरून, आधी एका दिशेने, मग उलट दिशेने फिरवा. एकीकडे गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीच्या दातांसारखं लागलं, तर टायर तिरके झिजलेत. अलाइनमेंट, त्यातही टो, म्हणजे चाकांचा पुढून आत-बाहेर असलेला कल, बिघडलेला असणार. खळगे-उंचवटे लागले तर थकलेला शॉकअप किंवा बॅलन्सिंग. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर 'अलाइनमेंट करूनही आवाज गेला नाही' ही तक्रार कायम राहते: अलाइनमेंटने पुढची झीज थांबते, झालेली झीज भरून येत नाही. तो टायर वाजत राहणार. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून बघा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर टायरवर शिक्कामोर्तब. पुढेही दर ८ ते १० हजार किलोमीटरला टायर रोटेशन केलं तर ही वेळ फारशी येत नाही.

आता बेअरिंग. मोकळ्या, रुंद रस्त्यावर ५०-६० ला लेनच्या आतल्या आत हळुवार डावीकडे-उजवीकडे वळण घ्या, झटके नकोत. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा घूं घूं वाढली आणि उजवीकडे वळताना कमी झाली, तर संशय उजव्या बाजूवर. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, नेहमी नाही: बेअरिंगमध्ये गोळ्यांच्या दोन ओळी असतात आणि कुठली ओळ बिघडली यावर उत्तर फिरू शकतं. म्हणून नुसत्या या चाचणीवर बेअरिंग बदलू नका, गाडी उचलून खात्री करा.

उचलताना हँडब्रेक, दुसऱ्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळा, आणि गाडीखाली स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. पुढचं चाक तपासताना गिअर न्यूट्रल. एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं कॉइल स्प्रिंगवर टेकवून ठेवा. चांगलं बेअरिंग असेल तर स्प्रिंग शांत असते. खराब असेल तर वाळूवर चाक फिरतंय अशी थरथर बोटांना लागते. कानापेक्षा बोटं इथे जास्त खरं सांगतात. मागच्या चाकाला हँडब्रेक सोडावा लागेल, तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना ठोकळे लावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

मग चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळाच्या १२ आणि ६ वर. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला तर मदतनिसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग. राहिला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. ९ आणि ३ वर धरून प्ले लागला तर स्टीअरिंगचा टाय रॉड एंड किंवा रॅक. पण प्ले नाही म्हणजे बेअरिंग चांगलं, असं समजू नका. घुमायला लागल्यावर बराच काळ ते घट्टच असतं; प्ले येतो तो शेवटी.

नवं बेअरिंग टाकलं, काही महिन्यांत पुन्हा घूं घूं

याची कारणं बसवण्यात सापडतात. ज्या गाड्यांत बेअरिंग नकलमध्ये (चाक ज्यावर बसतं तो हब धरणाऱ्या लोखंडी भागात) प्रेसने बसवतात, तिथे दाब योग्य कड्यावर द्यावा लागतो: नकलमध्ये ढकलताना बाहेरच्या कड्यावर, हब आत घालताना आतल्या कड्याला आधार देऊन. दाब चुकीच्या कड्यावरून गेला किंवा हातोड्याने ठोकून बसवलं, तर गोळ्या आपल्या मार्गावर बारीक खड्डे पाडतात. बेअरिंग त्या दिवसापासूनच खराब झालेलं असतं, आवाज फक्त नंतर चढतो. म्हणून काम देण्याआधी एकच प्रश्न विचारा: हायड्रॉलिक प्रेस आहे का? नसेल तर नकल सोडवून प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे पाठवायला सांगा.

दुसरं कारण एक्सल नट. तो नवा घालून, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या ठरलेल्या जोराला, टॉर्क रेंचने आवळायचा. एअर गनने 'टाइट' केलेला नट किती आवळला हे कुणालाच माहीत नसतं, आणि तो सैल असताना गाडी जागेवरून हलवली तरी बेअरिंगवर चुकीचा भार येतो. तिसरं, जुनं बेअरिंग आतल्या आत फिरून हबचा दांडा किंवा नकलचं भोक घासलेलं असेल तर नवं तिथे घट्ट बसतच नाही. चौथं, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय रिंग असते, ती सेन्सरकडेच यायला हवी. उलटी बसली तर आवाज नसला तरी एबीएसचा दिवा पेटतो.

आणि पावसाळा. लांब पल्ला मारून तापलेलं चाक हबपर्यंतच्या पाण्यात गेलं की बेअरिंग एकदम गार होतं आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. ग्रीस खराब होऊन आवाज सुरू व्हायला मग काही आठवडे जातात, त्यामुळे लोक त्याचा संबंध त्या पाण्याशी जोडत नाहीत.

खराब रस्त्यावर टकटक, खटखट

इथे पहिला प्रश्न असा: एकच चाक खड्ड्यात गेल्यावर येतो, की दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढल्यावरही येतो? लिंक रॉड ज्याला जोडलेली असते तो स्टॅबिलायझर बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधला आडवा दांडा, दोन्ही चाकं सारखी वर गेली की पिळला जात नाही. म्हणून स्पीडब्रेकरवर शांत, पण पेव्हर ब्लॉकवर आणि एका बाजूच्या खड्ड्यांत टकटक करणारी गाडी बहुतेक लिंक रॉडचीच तक्रार करत असते, किंवा बारच्या रबर बुशची. स्पीडब्रेकरवरही 'धड' असा जड आवाज आला तर शॉकअप, स्ट्रट माउंट, लोअर आर्मचं बुश.

लिंक रॉड तपासताना हमखास होणारी चूक म्हणजे एकच बाजू जॅकवर उचलून तपासणं. तेव्हा बार पिळला जाऊन लिंक ताणात येते, तिचा सैलपणा लपतो, आणि 'लिंक ओके' असा निकाल मिळतो. ती तपासायची चाकं जमिनीवर असताना: स्टीअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, चाकामागे हात घालून लिंक जोरात आतबाहेर हलवा. चांगली लिंक ताठ असते. गेलेली बोटाला कळेल अशी टिकटिक करते.

तरी शंका राहिली तर पार्ट विकत घेण्याआधी दोन्ही बाजूंच्या लिंक खालच्या-वरच्या नटांतून सोडवून काढून ठेवा, बार कशाला लागत नाही ना ते बघा, आणि त्याच खराब गल्लीतून २० च्या वेगाने एक फेरी मारा. आवाज पूर्ण गेला तर उत्तर मिळालं. एकच बाजू सोडवू नका, आणि अशी गाडी हायवेवर नेऊ नका, वळणावर ती नेहमीपेक्षा जास्त झुकते. नट सोडवताना मधला दांडा फिरत असेल तर त्याच्या टोकाला ॲलन कीची खाच असते. ती धरून नट फिरवा, नाहीतर बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी आवरण, फाटतो. लिंक बदलायची ती जोडीनेच.

लोअर आर्म किंवा त्याचं बुश बदलूनही काही महिन्यांत खटखट परत येते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. चाक हवेत लटकत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. गाडी खाली घेतली की बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून बसवायची आणि मगच शेवटचा टॉर्क द्यायचा. हे एवढंच सांगून काम करून घेतलं तर बुशचं आयुष्य खूप वाढतं.

उभ्या गाडीत स्टीअरिंग वळवताना 'टण्ण' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग अडकतंय. मदतनीस स्टीअरिंग फिरवत असताना स्प्रिंगवर हात ठेवा. ती फिरायची थांबून मग झटक्याने उडी मारताना हाताला जाणवते. बोटं वेटोळ्यांच्या फटीत घालू नका.

छोट्या खाचखळग्यांवर चाकातून बारीक खुळखुळ येतेय आणि ब्रेकवर पाय नुसता टेकवला की थांबते? मग सस्पेन्शन सोडा. ब्रेक पॅडच्या क्लिप नाहीत किंवा कॅलिपरच्या पिना झिजल्यात. पॅड बदलताना जुन्या क्लिप फेकून दिल्या जातात, तिथून हे सुरू होतं. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावायचं. साध्या ग्रीसने त्यांचं रबर फुगतं आणि कॅलिपर जाम होतो.

बाकीचे, थोडक्यात

पूर्ण स्टीअरिंग वळवून निघताना कटकटकट, आणि वेगाबरोबर जलद होते: बाहेरचा सीव्ही जॉइंट. डावीकडे वळताना आला तर बहुतेक उजवीकडचा. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर बूट फाटलाय. आवाज सुरू होण्याआधी बूट सापडला तर नवा बूट आणि ग्रीस यावर भागतं. आवाज आल्यावर नाही.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश खर्रर्र: डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यात खडा अडकलाय. थोडं पुढे-मागे केल्यावर पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा हाताने किंचित बाहेर वाकवा. पावसात रात्रभर उभ्या गाडीचे पहिले दोन-चार ब्रेक खरखरले तर तो डिस्कवरचा गंज, लगेच निघून जातो. रोज चीं चीं येत असेल तर पॅड बघा. ३ मिलिमीटर राहिले की बदला.

ठराविक फेऱ्यांनाच पत्र्याची झिणझिण, जरा पुढे गेलं की गायब: सायलेन्सरवरची हीट शील्ड. इंजिन पूर्ण गार असताना मुठीने ठोका, तिथेच वाजेल. बोल्टची जागा गंजून मोठी झाली असेल तर मोठा वॉशर किंवा स्टीलची होज क्लिप गुंडाळून काम होतं.

पावसाळी सकाळी बॉनेटमधून किंचाळी: बेल्ट. इंजिन चालू असताना बाटलीने बेल्टच्या खाचांवर थोडं पाणी फवारा, ओढणी-बाह्या-हात दूर ठेवून. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुलीची रेषा चुकलीय किंवा पुलीचं बेअरिंग झुकलंय; वाढला तर बेल्ट ढिला. क्लच दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंग. क्लच सोडल्यावर येते आणि दाबल्यावर थांबते तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग.

८०च्या पुढे शीळ: दाराचं रबर, व्हायझर, रूफ रेल. रंगाऱ्याची मास्किंग टेप एकेका फटीवर लावून त्याच रस्त्यावर जा. ज्या पट्टीने शीळ थांबली, तिथे दोष.

इथे चाचणी नको, गाडी थांबवा

चाक काढून परत लावल्यानंतर थडथड आणि स्टीअरिंगला हिसके असतील तर आधी व्हील नट बघा, ते सैल असू शकतात. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज, बॉल जॉइंटमध्ये डोळ्यांना दिसणारा प्ले, किंवा घुमणाऱ्या चाकाचा हब बाकीच्यांपेक्षा खूप जास्त तापलेला: यात गाडी टो करून न्या.

गॅरेजला जाताना चिठ्ठी द्या. ती अशी असावी: 'घूं घूं, ५० च्या पुढे, न्यूट्रलमध्येही तशीच, डांबर-काँक्रीट सारखीच, डावीकडे वळताना वाढते, टायर पुढे-मागे करून फरक नाही.' अशी चिठ्ठी वाचलेला मेकॅनिक थेट उजव्या बाजूची दोन चाकं उचलून स्प्रिंगला हात लावेल. काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला, त्याच्यासोबत फेरी मारा आणि काढलेला पार्ट परत मागून हाताने फिरवून बघा. चाक काढलं असेल तर ५० ते १०० किलोमीटरनंतर व्हील नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. हॅचबॅकना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे.